श्रीतुकोबाराय आणि दिवाणातील निवाडा

फाल्गुन वद्य द्वितीया जवळ आली म्हणजे देहूच्या वाटेला लागलेल्या वारकऱ्यांच्या तोंडी एकच कथा असते. वह्या इंद्रायणीत गेल्या, महाराज तेरा दिवस शिळेवर पडून राहिले आणि वह्या कोरड्या वर आल्या. कीर्तनकार या प्रसंगाशी पोचले की मृदंग उचल घेतो, नामाचा गजर होतो आणि मंडळींच्या डोळ्यांना पाणी येते. ते यावेच. परंतु वह्या बुडवाव्या लागल्या त्या कोणाच्या सांगण्यावरून, आणि त्याआधी महाराजांवर काय काय गुदरले, तिकडे आपले लक्ष कमी जाते. आम्ही यंदा महाराजांचे चरित्र त्या बाजूने सांगणार आहो. त्याला निमित्तही तसेच झाले.

वारीच्या एका मुक्कामावर, पंगत उठल्यानंतर, एका शिकलेल्या तरुण माळकऱ्याने प्रश्न काढला. त्याचे म्हणणे असे की, आपल्या देशात बोलायला कोणाला बंदी नाही. बोलल्यावर कायद्याने शिक्षा होते, इतकेच. तोंड तर कोणी धरले नाही ना? मग बोलण्याचे स्वातंत्र्य गेले अशी ओरड का करावी? बोलणाऱ्याने खुशाल बोलावे आणि पुढे जे होईल ते भोगावे. दिंडीत दोन तट पडले. बराच वेळ हो-नाही चालले, आणि शेवटी विणेकरी बोवांनी हरिपाठ सुरू केला तेव्हा कुठे मंडळी गप्प झाली. आम्हाला त्या रात्री उत्तर सुचले नाही. पण मनात आले की, हा प्रश्न आपल्याच घरचा आहे. देहूच्या वाण्याला तो साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी पडला होता.

महाराजांचा जन्म देहूस झाला. शके 1530, म्हणजे इ. स. 1608, हा जन्मशक पुष्कळ मंडळी धरतात. त्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण तो वाद येथे नको. घराणे मोऱ्यांचे, आडनाव आंबिले. मूळ पुरुष विश्वंभरबाबा यांच्यापासून घरात पंढरीची वारी आणि विठ्ठल-रखुमाईची पूजा. जात कुणब्याची, धंदा वाण्याचा, आणि गावच्या पेठेची महाजनकी घराकडे. म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी होते. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले बंधू सावजी विरक्त, धाकटे कान्होबा लहान. त्यामुळे मधल्या तुकोबांच्या खांद्यावर दुकान आणि सावकारी लवकरच आली.

पुढचे सारे वाचकांस ठाऊकच आहे. आईबाप गेले. सावजींची बायको गेली आणि सावजी तीर्थयात्रेस निघून गेले. त्यानंतर शके 1551-52 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ पडला, ज्यात दक्षिणेत माणसे अन्न अन्न करून मेली. महाराजांची पहिली पत्नी रखमाबाई त्यात गेली, मुलगा संतू गेला, गुरे गेली, दुकानाचे दिवाळे निघाले. ज्या घरातून लोकांना कर्ज मिळायचे त्या घरात खायला दाणा उरला नाही. महाराज भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. पुढे कान्होबा त्यांना शोधीत आले आणि दोघे भाऊ इंद्रायणीच्या काठी बसले. घरात कर्जखते होती. महाराजांनी त्यांच्या दोन वाटण्या केल्या, निम्मी खते कान्होबांस दिली आणि आपल्या वाटणीची नदीत टाकली. ज्यांनी ती लिहून दिली होती ते गोरगरीब त्या दिवशी मोकळे झाले.

नंतर पडके देऊळ नीट केले, दुसऱ्यांच्या कीर्तनात मागे उभे राहून ध्रुपद धरले, संतांची वचने पाठ केली. माघ शुद्ध दशमीला बाबाजींचा अनुग्रह स्वप्नात झाला. नामदेवराय पांडुरंगासह स्वप्नात आले आणि आपली उरलेली अभंगसंख्या पुरी करण्याचे काम सांगून गेले. येथपासून महाराज बोलू लागले. भंडाऱ्यावर बसावे, रचावे, रात्री देवळात म्हणावे. ऐकणारे वाढले. लोहगावास तर वरचेवर कीर्तन होई. संताजी तेली, गंगाराम मवाळ यांसारखी मंडळी ते शब्द लिहून घेऊ लागली, आणि ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी ते तोंडी धरले.

बोलणे वाढले तशी बोलण्याची किंमतही मोजावी लागली. ती एका प्रकारची नव्हती, हे नीट पाहिले पाहिजे, कारण आमच्या त्या तरुण माळकऱ्याच्या प्रश्नाची सारी गोम यातच आहे.

पहिली किंमत घरातली. जिजाबाईसाहेब पुण्याच्या गुळव्यांची लेक. घरात पोरेबाळे उपाशी आणि घरधनी डोंगरावर. त्या माउलीने तोंड सोडले तर त्यात नवल काय? ती महाराजांना बोले आणि थेट विठोबालाही बोले. त्या काळ्याने माझा संसार बुडविला म्हणून देवाच्या नावाने बोटे मोडी. आणि भाकरी घेऊन भंडारा चढून जाई तीही तीच. महाराजांच्या बोलण्याला हा एक परिणामच होता, नाही का? पण याला कोणी निर्बंध म्हणेल का? बोलण्याला बोलण्याने उत्तर आले. विठोबाही रोज तिची बोलणी ऐकत होता. त्याने काही दिवाणात फिर्याद नेली नाही.

दुसरी किंमत शेजारची. मंबाजी गोसावी देवळालगत राहत. त्यांच्या बागेत महाराजांची म्हैस शिरली. एकादशीला येणाऱ्या लोकांच्या वाटेत काटे येत होते ते महाराजांनी बाजूला केले. यावरून मंबाजींनी काट्याच्या फोकाने महाराजांना झोडपले. म्हैस आणि कुंपण हे निमित्त. पोटातले दुखणे असे की, आपल्याकडचे लोक उठून या वाण्याच्या कीर्तनाला जातात. रात्री मंबाजी कीर्तनाला आले नाहीत म्हणून महाराज त्यांच्या घरी गेले आणि त्यांचे पाय चेपीत बसले. येथे शब्दाला काठीने उत्तर आले. हा उघड अन्याय होता, पण तो एका माणसाचा राग होता. त्याच्यामागे गावाचा शिक्का नव्हता.

तिसरी किंमत मात्र निराळी. पुण्याच्या पूर्वेला वाघोली आहे, लोहगावापासून फार दूर नाही. तेथे रामेश्वरभट्ट म्हणून मोठे वैदिक राहत. तुकोबांचे अभंग त्यांच्या कानी गेले. त्या अभंगांत वेदांचा अर्थ प्राकृतात आला होता, आणि तो ज्याला शास्त्राने अधिकार नाही अशाच्या मुखातून आला होता. ऐकणाऱ्यांत ब्राह्मणही होते, आणि ते पाया पडत होते. ध्यानात घ्या, अभंग खोटे आहेत असे भट्टांचे म्हणणे नव्हते. ते म्हणणाऱ्याचा म्हणण्याचा अधिकारच नाही, हा त्यांचा आक्षेप होता. महिपतीबोवांनी भक्तलीलामृतात हा प्रसंग विस्ताराने सांगितला आहे. भट्टांनी वर फिर्याद केली आणि देहूच्या गावकामगाराला आज्ञा गेली की या माणसाला गावातून घालवून द्यावे.

महाराजांनी स्वतःच एका अभंगात त्या वेळची आपली अवस्था सांगून ठेविली आहे. पाटील रागावला आहे, गावचे लोक फिरले आहेत, माझा निवाडा दिवाणात चालला आहे. आता खावे काय आणि जावे कोणीकडे, असा त्याचा भाव आहे. वाचकांनी तो गाथ्यात काढून सावकाश वाचावा. डोंगरासारखा माणूस तेथे कसा एकटा पडला आहे! आई-बाप-बायको-मूल गेले तेव्हा ज्याचे धैर्य सुटले नाही, तो पाटलाच्या रागाने कासावीस झाला. भित्रेपणा म्हणून नव्हे. दुष्काळापासून माणूस पळू शकतो. गावाच्या शिक्क्यापासून कोठे पळणार? पाटील, जोशी, बलुतेदार, भिक्षा, पाणवठा, सगळे त्या एका शिक्क्याला बांधलेले.

आता आमच्या माळकऱ्याचा न्याय येथे लावून पाहू. रामेश्वरभट्टही असे म्हणू शकले असते की, मी तुकोबाचे तोंड धरले नाही. त्याने खुशाल अभंग करावे. फक्त केल्यास गाव सोडावे लागेल. हे ऐकल्यावर हसावे की रडावे तेच कळत नाही. ज्याच्या घरात पोरे उपाशी आहेत त्याला असे सांगणे म्हणजे तोंडावर हात ठेवणेच आहे. हात दिसत नाही इतकेच. आणि एक तुकोबा एकटे का? त्यांची गत पाहून लोहगावचा, चाकणचा, तळेगावचा दुसरा कोणी रचणारा असेल तर तो आपली वही कोनाड्यातून बाहेरच काढणार नाही. शिक्षा एकाला होते आणि गप्प शंभर जण बसतात. म्हणून शिक्षा मागाहून आली तरी तिचे काम आधीच सुरू झालेले असते.

महाराज तडक वाघोलीस गेले. भांडायला नव्हे, ज्यांनी निवाडा आणविला त्यांनाच विचारायला. भट्टांनी सांगितले की, यापुढे कवित्व करू नये. महाराजांनी विचारले की, झाले आहे त्याचे काय करावे? उत्तर आले, पाण्यात बुडवावे. आणि महाराजांनी ते केले! वह्या बांधल्या, धोंडा लावला आणि इंद्रायणीत सोडल्या. येथे काही नव्या पिढीची मंडळी विचारतात की, महाराजांनी बंड का केले नाही. आम्हाला वाटते, ज्याला ब्राह्मणाचे वचन आणि देवाची आज्ञा दोन्ही खरी वाटतात, त्याच्यापुढे सोपी वाट नसते. नामदेवरायांनी रचायला सांगितले होते, शास्त्री बुडवायला सांगत होते. दोहोंत कोण खरा हे त्याने देवावर सोपविले.

लोकांनी मग टोचायला सुरुवात केली. पूर्वी कर्जखते बुडविली तेव्हा संसार बुडाला, आता वह्या बुडविल्या तेव्हा परमार्थही बुडाला, असे ते म्हणत. हे बोल महाराजांना झोंबले. देवळापुढच्या शिळेवर ते अन्नपाण्यावाचून पडून राहिले. ती शिळा आज देहूस शिळामंदिरात आहे, आणि तिच्यावर माथा टेकल्याखेरीज वारकरी तेथून हलत नाही. तेरा दिवस गेले. मग वह्या वर आल्या. बहिणाबाई महाराजांच्या हयातीतच देहूस येऊन राहिल्या. त्यांच्या अभंगांतही तेरा दिवस उदकात राहिलेल्या या वह्यांचा उल्लेख आहे. काही विद्वान म्हणतात की अभंग लोकांच्या तोंडी होते, त्यांनी ते पुन्हा लिहून काढले, हेच वह्यांचे तरणे. आम्ही त्यांच्याशी वाद घालीत नाही. ज्या पांडुरंगाने वह्या राखल्या असे आम्ही मानतो, तो लोकांच्या कंठात राहूनही राखू शकतो.

वह्या मिळाल्यावर महाराजांनी काय केले हे पाहण्यासारखे आहे. विजयाचा एक शब्द नाही. उलट देवापुढे ते ओशाळे झाले. लोकांच्या बोलण्यासाठी आपण मन खवळू दिले, देवाला पाण्यात कागद राखायला लाविले, त्याचा अंत पाहिला, हा आपलाच अपराध झाला, अशा अर्थाचे अभंग त्या वेळचे आहेत. भट्टांविषयी कडू अक्षर त्यांत नाही.

भट्टांची कथाही येथेच सांगून टाकू. ते पुण्यास नागनाथाच्या दर्शनाला निघाले होते. वाटेत अनगडशहा फकिराच्या विहिरीत स्नान केले आणि अंगाची आग सुरू झाली. काही केल्या शमेना. आळंदीस ज्ञानोबारायांच्या पायाशी अनुष्ठान केले. तेथे दृष्टान्त झाला की, तुकोबाची निंदा केलीस, त्यालाच शरण जा. महाराजांनी त्यांच्याकडे एक अभंग पाठविला आणि दाह शमला. रामेश्वरभट्ट दुष्ट नव्हते, हे आम्ही मुद्दाम सांगतो. कीर्तनात कधीकधी त्यांना फारच काळे रंगवितात. शास्त्र राखतो आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. बोलणाऱ्यांची तोंडे बंद करणारे बहुधा असेच प्रामाणिक असतात, आणि म्हणूनच त्यांच्या हाती दिवाणाचा शिक्का असणे धोक्याचे असते.

त्यांच्यामागे तरी कटकट संपली का? नाही. मंबाजींनी पुण्यास आपाजी गोसाव्यांना पत्र लिहिले, ते बहिणाबाईंनी नोंदविले आहे. त्या तक्रारीत आता रामेश्वरभट्टांचेही नाव आले, ते का, तर एवढा मोठा ब्राह्मण शूद्राला नमस्कार करतो! काल फिर्यादी होता तो आज फिर्यादीचा विषय झाला. एकदा ही वाट पाडली की तिच्यावरून कोण कोणाला हाकलील याचा नेम राहत नाही.

आता आजच्या कायद्याविषयी दोन शब्द. 26 जानेवारी 1950 ला आपली राज्यघटना अमलात आली. तिच्या 19 व्या अनुच्छेदात बोलण्याचे स्वातंत्र्य दिले आहे आणि त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात त्यावर निर्बंध घालण्याची मुभा सरकारला दिली आहे. 1951 च्या पहिल्या दुरुस्तीने त्या निर्बंधांना वाजवी हे विशेषण लागले. त्या खंडात अब्रुनुकसानी आहे, न्यायालयाचा अवमान आहे, गुन्ह्याला चिथावणी आहे. अब्रुनुकसानीची शिक्षा बोलण्याआधी होते की नंतर? नंतरच. तरीही घटना तिला निर्बंधच म्हणते. म्हणजे आमच्या माळकऱ्याला घटनेने उत्तर देऊन ठेविले आहे. शिक्षा हा निर्बंधच. तो वाजवी आहे की नाही, हा पुढचा आणि वेगळा प्रश्न. कोणी गर्दीला चिथावून दुसऱ्याचे घर जाळायला लावील तर त्याला शिक्षा व्हावी, असे आम्हीही म्हणू. पण तोंड धरलेच नाही, अशी बतावणी मात्र करू नये. निर्बंध आहे असे कबूल केले, तरच तो वाजवी आहे का असे विचारता येते. कबूलच केले नाही तर विचारणार काय?

धर्मभावना दुखावण्याचे कलम इंग्रजांनी 1927 साली दंडविधानात घातले. 1 जुलै 2024 पासून अमलात असलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते आहे, 299 क्रमांकाचे. हेतुपुरस्सर व दुष्ट बुद्धीने केलेला अपमान असेल तरच ते लागते. पण महाराजांचे दांभिकांवरचे, ढोंगी गोसाव्यांवरचे, पोटभरू पंडितांवरचे अभंग आठवा. ते त्या काळी ज्यांना लागले त्यांच्या भावना दुखावल्या नसतील का? मंबाजींच्या निश्चितच दुखावल्या होत्या.

येथे आम्हाला एक अवघड गोष्ट लिहावी लागते. 2009 साली डॉ. आनंद यादव यांच्या संतसूर्य तुकाराम या कादंबरीवरून मोठा क्षोभ झाला. महाराजांच्या तरुणपणाचे त्यातले चित्र आधाराला धरून नव्हते, आणि ते वाचून वारकऱ्यांना जे दुःख झाले ते खोटे नव्हते. आम्हालाही ते लिखाण रुचले नाही. यादवांनी क्षमा मागितली, पुस्तक मागे घेतले, महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सोडले, आणि ते संमेलन अध्यक्षावाचून झाले. प्रकरण पुढे कोर्टातही गेले. त्यांना गादीवरून उत्तर देण्याचा, गाथा उघडून एकेक विधान खोडून काढण्याचा आपला हक्क पुरा होता. पुष्कळ कीर्तनकारांनी तसे केलेही. तेवढ्यावर आपण थांबलो असतो तर बरे झाले असते, असे आम्हाला आता वाटते. ज्यांच्या वह्या बुडवायला लावल्या त्यांच्या नावाने दुसऱ्याची वही मागे घ्यायला लावावी, हे आमच्या मनाला अजून नीट पटत नाही. यावर वाचकांची पत्रे येतील, काही रागाची येतील. ती यावीत.

महाराज इ. स. 1650 मध्ये, शके 1571 च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस वैकुंठास गेले. त्यांच्यामागे जन्मलेले पुत्र नारायणमहाराज यांनी 1685 च्या सुमारास पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली. ती पालखी आजही जाते. संताजींच्या हातची वही घरात जपली गेली आणि विसाव्या शतकात वि. ल. भावे यांनी ती छापून काढली. त्याआधीच, 1869 पासून, विष्णुशास्त्री व शंकर पांडुरंग या दोघा पंडितांनी सरकारच्या मदतीने मोठा गाथा छापला होता. म्हणजे एका दिवाणाने ज्या कवित्वापायी गाव सोडायला सांगितले, त्याच्या छपाईला पुढे दुसऱ्या दिवाणाने पैसे दिले.

रामेश्वरभट्ट शेवटपर्यंत महाराजांच्या मेळ्यात राहिले. त्यांनी महाराजांवर अभंग केले आणि एक आरतीही केली. सागरावर शिळा तरल्या तशा पाण्यात वह्या तरल्या, असा तिच्यात उल्लेख आहे आणि शेवटी भट्टांचे नाव आहे. गावोगावी कीर्तन आटोपल्यावर, तबकात निरांजन लावून, आपण तुकोबारायांची म्हणून जी आरती म्हणतो ती हीच.